भिंतीशी बोलणारा टीव्ही

अर्जदार: वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, धंदा अर्जनवीस, राहणार वाशीम.

गैरअर्जदार: अर्जदाराच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेला, पाटासारखा सपाट टीव्ही.

जिच्या हितासाठी अर्ज केला ती व्यक्ती: अर्जदाराची मोठी बहीण, जिला घरातील सर्व जण अक्का म्हणतात.

साक्षीदार: पहिली, अर्जदाराची पत्नी. दुसरे, समोरच्या घरातील साऊंडवाले शेजारी.

घटनेचा काळ: सोयाबीन घरात येऊन पडल्यानंतरचा आणि तुरीला फुलोरा असतानाचा.

विषय: टीव्हीचा आवाज त्याच्या पाठीमागून काढून घेऊन योग्य ठिकाणी पोहोचविण्याबाबत.

वरील मजकुरात कोणाचेही नाव घातलेले नाही, हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे. माझ्या हातून निघणाऱ्या कागदात पहिल्या ओळीत नाव, त्यापुढे वडिलांचे नाव आणि आडनाव असते, आणि त्यात एक वेलांटी चुकलेली मी खपवून घेत नाही. परंतु हा कागद कोणत्याही कचेरीच्या खिडकीत जाणार नाही. तो घरातला आहे, आणि आमच्या घरात कोणी कोणाला नावाने हाक मारीत नाही.

मी कचेरीच्या कुंपणाला लागून, टिनाच्या शेडखाली बसतो. शाळा नववीत सुटली. त्यापुढचे शिक्षण मी लोकांच्या अडचणींवर घेतले, असे मी सांगत असतो, आणि ते खोटे नाही. फेरफार, वारसनोंद, शेताच्या रस्त्याची अडवणूक, थांबलेली पेन्शन, या सर्व विषयांवर माझी लेखणी चाललेली आहे. आता शेजारी संगणकाची दुकाने झाली आणि तेथे छापील अर्ज निघतात. तरीही ज्याला आपले म्हणणे नीट मांडून हवे असते तो अजून माझ्याकडेच येतो, कारण संगणकाला अक्षर येते, म्हणणे येत नाही. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करीत नाही.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. आई शेतात गेली की मी अक्काच्या कडेवर असे, आणि पुढे चालता येऊ लागल्यावरही काही काळ असे, अशी तिची तक्रार आहे. तिचे लग्न शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात झाले. तेथे तिची थोडी शेती, दोन खोल्यांचे घर आणि दाराशी निंब आहे. भाऊजी वारले, मुली आपापल्या संसारात गुंतल्या, तेव्हा मी शेत बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, लावून दिले आणि अक्काला वाशीमला घेऊन आलो. ती आनंदाने आली नव्हती. परंतु ती रमली, आणि तिच्या रमण्याचे मोठे श्रेय आमच्या जुन्या टीव्हीला दिले पाहिजे.

जुना टीव्ही पेटीसारखा होता. त्याचे चित्र आणि त्याचा आवाज एकाच बाजूने, समोरून, येत असे. संध्याकाळी भाकरी टोपलीत पडल्या की मालिका सुरू होई, आणि मालिकेबरोबर अक्काची उलटतपासणी सुरू होई. पडद्यावरच्या सुनेला ती विचारी की दागिना हरवला तेव्हा तू माडीवर काय करीत होतीस. पडद्यावरच्या दिराला ती सांगे की तू आत्ता उजवीकडे पाहून बोललास, म्हणजे खोटे बोललास. मालिका लिहिणाऱ्याला जे आठवड्याच्या शेवटी उघड करायचे असे, ते अक्का सोमवारी उघड करी. खरे सांगायचे तर आमच्या घरात मालिका कोणी पाहत नसे. अक्का मालिका पाहते, हे आम्ही सारे पाहत असू.

मग त्या टीव्हीचे चित्र गेले आणि नवा आला. माणसे आली, भिंतीला भोके पाडली, आणि खोलीत जणू एक खिडकी उघडली. पातळाच्या काठातला धागा मोजता यावा इतके चित्र स्वच्छ. आवाजाकडे त्या दिवशी कोणाचे लक्ष गेले नाही. तो होता, पण शेजारच्या घरातून यावा तसा होता. पुढे मी भिंतीला गाल लावून मागे पाहिले तेव्हा उलगडा झाला. आवाज निघण्याची जाळी टीव्हीच्या खाली, पाठीच्या बाजूस होती. म्हणजे माणसाने तोंड आमच्याकडे ठेवावे आणि बोलावे मात्र भिंतीशी, असा तो प्रकार होता.

अक्काची उलटतपासणी हळूहळू कमी झाली. पहिले लक्षण असे की ती आमच्यानंतर हसू लागली. आधी ती माझ्या पत्नीच्या तोंडाकडे पाही, तेथे हसू दिसले की मग स्वतः हसे. नंतर मालिकेच्या वेळी तिला लसूण सोलण्याचे काम आठवू लागले, आणि लसूण नेहमी स्वयंपाकघरातच सोलायचा असे. आम्ही समजलो की तिला मालिकेचा कंटाळा आला. शेवटी एका संध्याकाळी तिने मला समोर बसवून सांगितले:

"बापू, येत्या बाजाराच्या दिवशी मले शेलूच्या गाडीत बसवून दे. माझ्या घरी राहीन मी."

"काहून? येथं काय कमी पडलं?"

"कमी काही नाही पडलं. पन येथं मी बसून राह्यली तरी नसल्यावानी हाय."

यावर मी पुष्कळ बोललो. ती उठून आपली पिशवी शोधू लागली.

येथे वाचणाऱ्याच्या मनात कानाच्या यंत्राचा प्रश्न येईल, म्हणून खुलासा करतो. अक्काला एका शिबिरात यंत्र मिळालेले आहे. ते शिट्टी वाजवते, आणि ताटली ठेवली तरी तिच्या डोक्यात रेल्वे जाते, म्हणून तिने ते कापसात गुंडाळून पेटीत ठेवून दिले. त्या मशीनला भांड्यांचा आवाज आवडतो, माणसांचा नाही, असा तिचा निर्णय आहे. आणि आपल्याला कमी ऐकू येते हे तर तिने कधी मान्यच केलेले नव्हते. लोक हल्ली हळू बोलतात, एवढेच तिचे म्हणणे होते.

मला काळजी होती ती त्या घराची. तिच्या गावचा फाटा हमरस्त्यावर आहे. जीपगाड्या, ट्रक, मोटारसायकली दिवसभर वाहतात. मागून येणारी गाडी जिला ऐकू येत नाही ती बाई तेथे एकटी राहणार, दार कोणी वाजवले तर तिला कळणार नाही, आणि ते मला येथे शेडखाली बसून समजणार नाही. हे मी होऊ देणार नव्हतो. परंतु अक्काला धरून ठेवण्याचा हुकूम कोणी देत नाही. तिला राहावेसे वाटेल असेच काही करणे भाग होते, आणि ती ज्या जागेवरून उठली होती ती जागा टीव्हीसमोरची होती.

पहिला उपाय सर्वांना सुचतो तो, आवाज वाढविण्याचा. रिमोटवरची खूण शेवटपर्यंत नेली. टीव्हीच्या पाठीचा पत्रा थरथरू लागला, भिंतीवरचे कॅलेंडर हलू लागले, आणि पडद्यावरची बाई रडत आहे की चटणी वाटत आहे ते मलाही कळेना. अक्काला विचारले, आता येतो का आवाज. तिने हात हलवून तो बंद करण्यास सांगितले.

"आवाज येते रे," ती म्हणाली. "बोलनं येत नाही."

माझ्या आयुष्यात मी अनेकांची गाऱ्हाणी चार-चार पाने लिहून काढली आहेत. इतके नेमके गाऱ्हाणे मला कोणी सांगितले नव्हते.

त्या गोंधळाने समोरचे शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा साऊंडचा धंदा आहे. लग्न, वास्तू, जयंती, जेथे चार माणसे जमतात तेथे त्यांच्या पेट्या पोहोचतात. कारंज्यापर्यंत त्यांची गाडी जाते. सारे आयुष्य मोठ्या पेट्यांच्या शेजारी उभे राहून गेल्यामुळे ते मीठ मागतात तेही रस्त्यापलीकडे ऐकू जाते. त्यांनी सर्व हकिकत ऐकली, घरी गेले, आणि एक काळी, गोल, बिनतारी पेटी घेऊन आले. टीव्हीने आणि तिने वायर नसतानाच एकमेकांना ओळखले. क्षणात आवाज घरभर पसरला, भरदार आणि खोल. मला तर वाटले की प्रकरण निकाली निघाले.

अक्का थोडा वेळ पाहत बसली. मग तिने कपाळाला हात लावला आणि ती उठली.

शेजाऱ्यांना ते लागले. एवढ्या आवाजावर आपण एक पुरे लग्न लावून देतो, असे ते म्हणाले. अक्का दारात थांबली.

"लग्नात कोनी कोनाचं आयकते काय? येथं त्या पोरीचं तोंड मिटलं की मंग तिचं बोलनं येते."

आम्ही तिघांनी पडद्याकडे पाहिले. खरेच होते. पडद्यावरची मुलगी ओठ मिटे आणि तिचा शेवटचा शब्द त्यानंतर येई. अंतर अगदी थोडे, पण दिसल्यावर ते दिसेनासे होईना. आवाज हवेतून पेटीपर्यंत जाण्यात काही वेळ घेतो, हे शेजाऱ्यांनी नंतर कबूल केले. लग्नात ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तेथे पडदा नसतो.

जेवताना माझी पत्नी बरेच दिवस मनात ठेवलेले बोलली. अक्का कानाने कमी आणि डोळ्याने जास्त ऐकतात, असे तिचे निरीक्षण होते. म्हणूनच त्यांना त्या पेटीने चक्कर आल्यासारखे झाले. ओठ एक सांगतात आणि कान दुसरे. मग तिने माझ्याकडे पाहिले.

"तुमी मान खाली घालून, लिहिता लिहिता बोलता. अन् मंग म्हनता, अक्का उत्तर देत नाहीत. त्याईले तुमचं तोंड दिसलं पाह्यजे ना."

मी पुरावा पाहिल्याशिवाय काही मान्य करीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का तुळशीला पाणी घालीत असताना मी मागून, चांगल्या मोठ्या आवाजात, चहा झाला का म्हणून विचारले. तिने पाणी घालणे चालू ठेवले. मग मी पुढे जाऊन उभा राहिलो आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, तोच प्रश्न केला. ती म्हणाली, केव्हाचा झाला, थंडा होऊन राह्यला. ज्या बाईने मला बोलायला शिकविले तिला माझे बोलणे पोहोचत नव्हते, आणि ते पोहोचावे म्हणून तिने ओठ वाचायची एक नवी विद्या कोणाला न सांगता शिकून घेतली होती.

तेव्हा मुद्दा स्पष्ट झाला. आवाज मोठा नको, ओठांबरोबरचा हवा, आणि त्यासाठी तो हवेतून न नेता वायरीने नेला पाहिजे. शेजाऱ्यांनी त्यांचा जुना अॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्याचे दोन लहान स्पीकर काढून दिले. हे त्यांनी पूर्वी विहारातल्या वंदनेला लावले होते, आणि त्यांचा आवाज मवाळ होता. ते स्वतः एका लग्नाच्या ऑर्डरीवर निघाले होते. संध्याकाळी येऊन जोडून देतो म्हणाले. मी म्हटले की त्याची आवश्यकता नाही. दोन ठिकाणे एकमेकांना जोडणे हे माझे रोजचे काम आहे.

मोबाईलचा उजेड धरून मी टीव्हीच्या पाठीचे निरीक्षण केले. तेथे अनेक खाचा होत्या. एकीला बारीक झाकण होते आणि आत लाल दिवा लुकलुकत होता. दुकानदाराने सांगितले की त्यातून आवाज उजेडाच्या रूपाने निघतो, त्याला काचेची वायर लागते, आणि शेजाऱ्यांच्या अॅम्प्लिफायरला ती भाषा येत नाही. एक रुंद खाच होती. तीही नव्या यंत्रांसाठीच. उरले एक लहान गोल भोक, मोबाईलच्या इअरफोनचे असते तसे. त्यावर इंग्रजीत लिहिले होते, ऑडिओ आऊट. दुकानदाराने त्यासाठी वायर दिली. तिचे एक टोक त्या भोकात जाणारे, आणि दुसऱ्या टोकाला दोन फाटे, एक लाल आणि एक पांढरा.

अॅम्प्लिफायरच्या पाठीला लाल-पांढऱ्या भोकांच्या दोन जोड्या होत्या. एका जोडीवर इन लिहिलेले, दुसरीवर आऊट. मला क्षणभरही शंका आली नाही. माझ्या धंद्याचा पहिला नियम असा की दोन कागदांवर एकच नाव पाहिजे. सातबाऱ्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे आले की अर्ज परत. किती माणसांना मी यासाठी उन्हात परत पाठविले आहे. टीव्हीवर आऊट आहे, तर येथेही आऊट. लाल फाटा लाल भोकात, पांढरा पांढऱ्यात. सर्व काही जुळले, आणि मी समाधानाने बटण दाबले.

घरात पूर्ण शांतता झाली. लाकडी स्पीकर गप्प होते, आणि भोकात वायर शिरताच टीव्हीने आपला होता तो आवाजही बंद केला होता. पडद्यावर दोन बाया हातवारे करून तावातावाने भांडत होत्या, आणि भांडणाचा एक शब्द ऐकू येत नव्हता. मी वायर दाबून पाहिली, बटणे फिरवून पाहिली. पत्नी रिमोट घेऊन उभी राहिली. शांतता बघायला म्हणून अक्का स्वयंपाकघरातून आली. तिला ती ऐकू आली नव्हती; दारातून आमचे चेहरे पाहून आली. तिने पडद्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि तिच्या ध्यानात आले.

"आता तुमालेबी तसंच झालं," ती म्हणाली.

आणि ती आपल्या जुन्या जागेवर बसली. आम्ही दोघे बहिऱ्यासारखे पडद्याकडे पाहत होतो, आणि अक्का आम्हाला सांगत होती. ही म्हणते, नाही. ही पुन्हा म्हणते, नाही, नाही. आता आईला बोलावते. आता म्हणते, चाल येथून. मधले पुष्कळ तिलाही समजत नव्हते, ते ती सरळ सोडून देई. परंतु त्या खोलीत त्या वेळी तिला आमच्यापेक्षा अधिक ऐकू येत होते, आणि कित्येक दिवसांनी ती आमच्या आधी हसली. पत्नी मला नंतर म्हणाली की वायर आपण जोडलीच नसती तरी चालले असते. मी म्हटले, नाही. रोज कोणाला मुक्याचा खेळ पाहत बसता येत नाही. आणि अक्काची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. बाजाराचा दिवस परवावर आला होता.

दुसऱ्या दिवशी मी शेडखाली बसलो होतो, पण चित्त घरी होते. समोरच्या कचेरीतून शिपाई टपालाची पिशवी काखेत मारून निघाला. त्याला मी रोज पाहतो. तो या कचेरीच्या जावक टेबलावरून कागद उचलतो, कुंपण ओलांडून पलीकडच्या कचेरीत जातो, आणि तेथे आवक टेबलावर ठेवून शिक्का घेतो. तेथून जे निघते ते तिकडच्या जावकेतून निघते आणि इकडच्या आवकेत येते. दोन कचेऱ्यांची जावक टेबले समोरासमोर लावली, तर दोन्हीकडचे बाबू कागद पुढे करून उभे राहतील आणि घेणारा कोणीच नसेल. मी शिपायाकडे पाहत होतो, आणि माझ्या हातातला अर्ज अर्धवट राहिला होता. नाव सारखे हवे ते माणसाचे. टेबल नेहमी दुसरे हवे. टीव्हीची जावक अॅम्प्लिफायरच्या आवकेत जाते. हे मला कोणी शिकविले नाही. माझ्याच धंद्यातल्या एका नियमाने माझ्याच धंद्यातल्या दुसऱ्या नियमाला खोडून काढले.

हातातला अर्ज मी पूर्ण केला, कारण तो माणूस आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातून एवढ्यासाठी आला होता. त्यानंतर लिखाणाची पेटी बंद करून भरदुपारी घरी आलो. लाल आणि पांढरा फाटा इन लिहिलेल्या भोकांत घातला. बटण दाबले. लाकडी स्पीकरांतून एक पुरुष तुरीवरच्या फवारणीबद्दल इतक्या स्वच्छ शब्दांत बोलू लागला की मी त्याला मनातल्या मनात धन्यवाद दिले. ओठ आणि शब्द बरोबर चालत होते.

शेजारी आले तेव्हा त्यांनी काल काय चुकले होते ते विचारले. मी जेवढे आवश्यक तेवढे सांगितले. ते हसले, आणि ते हसतात तेव्हाही गल्लीला कळते.

"म्हंजे वकीलसाहेब, तुमी दोन बोलनाऱ्यायची गाठ घालून देल्ली, अन् आयकनारा ठेवलाच नाही. तुमच्या कचेरीत चालत असन हे."

स्पीकर कोठे ठेवायचे यावर मतभेद झाला. शेजारी म्हणाले, वर, टीव्हीच्या दोन बाजूंना, खिळे ठोकून. आवाज डोक्यावरून शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे. मलाही ते शोभेचे वाटले. माझ्या पत्नीने एक स्पीकर उचलला, लांब वायर सोडवली, आणि तो अक्काच्या जागेशेजारी, तिच्या कानाच्या उंचीवर, स्टुलावर ठेवला. शेवटचा माणूस येथेच बसतो, असे ती म्हणाली. दुसरा स्पीकर आमच्यासाठी टीव्हीखाली राहिला. मग तिने आवाज कमी केला, इतका कमी की शेजाऱ्यांचा चेहरा पडला.

संध्याकाळी अक्काला बोलावले. ती आली, पण आशेने आली नाही; सुपात सोलायचा लसूण घेऊन आली. मालिकेतला मोठा भाऊ घरच्यांसमोर उभा राहून सांगत होता की आपल्याला निरोप मिळालाच नाही, मिळाला असता तर आपण धावत आलो असतो. मी पडद्याकडे पाहत नव्हतो. अक्काचे बोट लसणाच्या पाकळीवर थांबले. तिने मान थोडी स्टुलाकडे केली, डोळे मात्र पडद्यावर. पाकळी तशीच राहिली. भाऊ बोलून गप्प झाला.

"खोटं," अक्का म्हणाली. "दारात उभा राहून आयकलं त्यानं. अन् आता गळा भरून बोलून राह्यला. याच्या आवाजातच हाय सारं."

आवाजातच आहे, असे ती म्हणाली. ओठांत आहे, असे म्हणाली नाही. पत्नीने माझ्याकडे पाहिले. शेजारी दारात उभे होते, ते प्रथमच हळू आवाजात म्हणाले की जमले. त्यानंतर सुनेची, सासूची आणि त्यांच्या वकिलाची उलटतपासणी झाली. लसूण रात्रीच्या फोडणीला पुरला नाही, पण कोणाची तक्रार नव्हती.

बाजाराच्या दिवशी सकाळी पिशवी दाराशीच होती. मी गाडीबद्दल विचारावे की न विचारावे अशा अवस्थेत चपला घालीत होतो. अक्का म्हणाली, तू जा, कचेरी थांबली असेल. मी गेलो. दिवसभर अर्ज लिहिले, पण प्रत्येक जीपगाडीचा भोंगा मला शेलूबाजारच्या गाडीचा वाटला.

परत आलो तेव्हा पिशवी तेथेच होती, परंतु वरून सपाट झाली होती. तिची गोधडी खाटेवर पसरलेली होती आणि अडकित्ता खिडकीत होता. बाकीचे कपडे अजून पिशवीत होते. मालिका सुरू होण्यापूर्वी अक्काने मला हाक मारून समोर बसविले. माझ्या हातात कागद होता. तिने तो पाहिला, आणि मी खाली ठेवेपर्यंत ती बोलली नाही.

"तुरीच्या सोंगनीले मी जाईन. माझं वावर हाय. मंग पाहू. अन् ते कानाचं मशीन पुन्हा डाक्टरले दाखवू. शिट्टी बंद करून देते का विचार त्याले."

"मीच विचारू?"

"तूच विचार. तुले विचाराची लय हौस हाय. पन मायाकडं तोंड करून विचार, मलेबी कळू दे."

प्रकरणाची आजची स्थिती अशी आहे. यंत्र कापसातून बाहेर निघाले आहे आणि मला त्यात थोडी आशा दिसते. पिशवी अर्धी भरलेली आहे. तूर वाळू लागली आहे, म्हणजे सोंगणी, तुरीची कापणी, जवळ आली आहे. टीव्ही भिंतीवर आहे, पण आता तो भिंतीशी न बोलता आमच्याशी बोलतो.

सबब हा अर्ज सादर करून मागणे असे की, टीव्ही बनविणाऱ्यांनी चित्राचा जेवढा विचार केला त्यातला थोडा आवाजाच्या जाळीचाही करावा आणि तिचे तोंड माणसांकडे फिरवावे; ते जमत नसेल तर त्याचे कारण कळवावे. तसेच, तूर घरात आल्यानंतर अक्काने शेलूबाजारच्या बाजूला राहायचे की वाशीमला, याचा निर्णय तिने स्वतःच द्यावा, परंतु देताना स्टुलावरचा स्पीकर तिच्या नावे केलेला आहे आणि तो इतर कोणाला देण्यात येणार नाही, ही बाब लक्षात घ्यावी.

उत्तर लेखी नसले तरी चालेल. ते तिने समोर बसून द्यावे. अर्जदार लेखणी खाली ठेवून, मान वर करून ऐकेल.